खारं पाणी, गंजकी सळई आणि आमच्या बिल्डिंगची दुसरी दुरुस्ती

दोन पावसाळे गेल्याशिवाय या कामाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. रंग ओला असताना कुठलीही बिल्डिंग नवरीसारखी दिसते. २०२४ चा पावसाळा काढला, २०२५ चा तर मे संपायच्या आतच दारात येऊन उभा राहिला, तोही काढला. आता लिहितो. पाचपैकी चार तारे.

मी इंजिनियर नाही. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. बॅटऱ्या, डायनामो, सेल्फ, वायरिंग यातच हात काळे झाले. राहायला रत्नागिरीत, मांडवीच्या काळ्या समुद्रापासून चालत सात मिनिटांवर. बिल्डिंग १९९६ ची. खाली पार्किंग, वर तीन मजले, बारा बिऱ्हाडं. सभेला उशिरा पोचलो म्हणून सेक्रेटरी झालो, तो अजून आहे.

कंत्राटदाराचं नाव देणार नाही. कारण साधं आहे. ही कामं कंपनी करत नाही, मुकादम करतो. आमच्याकडचा मुकादम चांगला होता. तुमच्याकडे दुसरा आला तर शिव्या मला बसतील. तेव्हा नाव सोडा, काम काय केलं ते वाचा, आणि तुमच्या कंत्राटदाराला तेच प्रश्न विचारा.

आधी आमचं पहिलं पाप. २०१८ मध्ये पार्किंगमधल्या समुद्राकडच्या तीन कॉलमना उभ्या भेगा गेल्या. अगदी सरळ, कुणी ओळंबा लावून मारल्यासारख्या. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. भेग सळईच्या रेषेत धावत असेल तर ती आतून आलेली असते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. काँक्रीट दाबाला बहाद्दर, पण ताणलं की तुटलं. सळई आत फुगते, बाहेर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटतं.

आम्ही गावातलाच ओळखीचा माणूस बोलावला. त्याने सैल झालेलं काँक्रीट हातोडीने पाडलं, सळईच्या दिसणाऱ्या बाजूवर तारेचा ब्रश फिरवला, वर कसलासा लाल द्रव लावला, पॉलिमर घातलेल्या मसाल्याने कॉलम सारखे केले, रंग दिला. एक लाख ऐंशी हजार रुपये, नऊ दिवस. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

२०२० च्या पावसाळ्यानंतर बघतो तर ठिगळं ठणठणीत! भेगा गेल्या होत्या त्यांच्या कडेने. वीतभर वर, वीतभर खाली, जिथे आधी काहीच नव्हतं तिथे. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, एका दातात चांदी भरली आणि शेजारचा किडला." आम्ही हसलो. पुढे तपासणीला आलेल्या मॅडमनी नेमकं तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

मध्ये करोना गेला, तौक्ते वादळ गेलं, चार सभा भांडणात गेल्या. २०२२ च्या गणपतीत दुसऱ्या मजल्याच्या छज्जाचा पोपडा सुटून खालच्या स्कूटरच्या सीटवर पडला, परातीएवढा. सीटवर दोन मिनिटांपूर्वी माणूस होता. मग कुठे सह्या झाल्या. तसं सोसायटीच्या उपविधीत लिहिलेलंच आहे की पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, आणि तीस ओलांडली की तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. पण उपविधी वाचतो कोण.

तपासणी कोल्हापूरच्या टीमने केली. दोन मुलं आणि एक इंजिनियर मॅडम, वय माझ्या मुलीएवढं. तीन दिवस, अडुसष्ट हजार रुपये. सभेत आरडाओरड झाली की नुसतं बघायला अडुसष्ट हजार कशाला. मी म्हणतो, सगळ्या खर्चात हाच पैसा सगळ्यात सत्कारणी लागला.

पहिल्या दिवशी नुसती ठोकाठोक. हलक्या हातोडीने कॉलम, बीम, स्लॅब ठोकत जायचं. भरीव असलं की "ठण", आतून सुटलं असलं की "ढब". टायरला पाना मारून हवा ओळखणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही. पोरं खडूने खुणा करत गेली आणि संध्याकाळपर्यंत आमचं पार्किंग देवी आलेल्या माणसासारखं दिसायला लागलं.

मग एका यंत्राने सळई किती खोल आहे ते मोजलं. कुठे बारा मिलिमीटर, कुठे अठरा, एका बीमला तर सात. मॅडमनी सांगितलं, आजच्या नियमाने, म्हणजे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० च्या आवृत्तीप्रमाणे, किनाऱ्याच्या हवेत ४५ मिलिमीटर कव्हर हवं, आणि समुद्राचे तुषार थेट बसत असतील तर ५०. आमची बिल्डिंग उभी राहिली तेव्हा १९७८ ची आवृत्ती चालू होती. पण सात मिलिमीटर कुठल्याच आवृत्तीत बसत नाही. तो शटरिंगवाल्याचा आळस.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. कॉलमचा एक कोपरा फोडून आतला ताजा भाग उघडा केला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन मारलं. हे औषध एके काळी जुलाबाच्या गोळ्यांत असायचं, म्हणजे आमच्या पिढीने पोटात घेतलेलं आहे. काँक्रीट सोलकढीसारखं गुलाबी झालं. अगदी सळईपर्यंत गुलाबी.

मला वाटलं, गुलाबी म्हणजे चांगलं. मॅडम म्हणाल्या, "काका, हीच वाईट बातमी आहे."

त्यांनी समजावलं ते असं. सिमेंटमुळे काँक्रीट आतून चांगलंच अल्कली असतं, पीएच साडेबाराच्या वर. त्या वातावरणात सळईवर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा बसतो आणि तोच तिला राखतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरत शिरत काँक्रीटची अल्कली मारतो, तेव्हा पापुद्रा जातो आणि सळई सगळीकडून सारखी गंजते. अशा ठिकाणी गुलाबी रंग येत नाही. आमच्याकडे रंग आला, म्हणजे अल्कली शाबूत होती, तरीही सळई सडलेली. मग दुसरा चोर एकच. मीठ. मिठातला क्लोराइड अख्खं काँक्रीट बिघडवायच्या भानगडीत पडत नाही. तो त्या पापुद्र्याला ठिकठिकाणी भोकं पाडतो आणि तिथे खोल खड्डा करतो. आणि काम झाल्यावर तो संपत नाही. लोखंडाला बाहेर काढून परत मोकळा होतो, पुढच्या कणाला धरायला.

सळई बाहेर काढली तेव्हा ते डोळ्यांनी बघितलं. बारा मिलिमीटरची पिळाची टोर सळई. हातभर लांबी अगदी बरी, निळसर काळी. मग एका जागी उंदराने कुरतडल्यासारखी. माझा जुना व्हर्नियर लावला, तर आठ भरली. आठ! साखळीची ताकद सगळ्यात बारक्या कडीएवढी, हे डेपोत टोइंगच्या साखळीवर शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी माझं खातं आलं. एका ठिकाणी सळई उघडी करून तिला वायर जोडली, ती मीटरच्या पॉझिटिव्हला. दुसऱ्या वायरला एक नळी, आत तांब्याची कांडी आणि मोरचुदाचं पाणी, टोकाला ओला स्पंज. हा स्पंज काँक्रीटवर अर्ध्या अर्ध्या मीटरवर टेकवत जायचं आणि मिलिव्होल्ट लिहायचे. म्हणजे अर्धी बॅटरी आपण आणतो, उरलेली अर्धी भिंतीत आहेच. उणे २०० च्या आत असेल तर बहुतेक गंज चालू नाही. उणे ३५० च्या पलीकडे गेलं तर चालू असण्याची शक्यता नव्वद टक्के. मधलं संशयास्पद. आमचे समुद्राकडचे कॉलम उणे ४१० ते उणे ४८०. मागच्या बाजूचे उणे १५०, १८०. जिन्यातले बीम, तिसऱ्या मजल्याचे, उणे ३९०.

जिन्यातले का? तिथे वारा नाही, पाऊस नाही. मी विचारलं, त्या म्हणाल्या, "थांबा काका, पावडर येऊ दे."

पावडर म्हणजे ड्रिलने काढलेलं काँक्रीट. पृष्ठभागापासून २० मिलिमीटरपर्यंतचं एका पिशवीत, २० ते ४० दुसऱ्या, ४० ते ६० तिसऱ्या. प्रयोगशाळेत प्रत्येकातला क्लोराइड मोजतात. दहा दिवसांनी आकडे आले, ते मी पाठ केलेत. खालच्या समुद्राकडच्या कॉलममध्ये घनमीटरला ३.१ किलो, मग १.७, मग ०.६. बाहेर जास्त, आत कमी. म्हणजे समुद्रावरून वारा आला, खारे तुषार बसले, ओलं झालं, वाळलं, परत ओलं झालं, आणि मीठ एकेक पाऊल आत गेलं. सत्तावीस वर्षांचा प्रवास तीन पिशव्यांत.

जिन्याच्या बीममध्ये मात्र १.५, १.६, १.५. बाहेरही तेवढंच, आतही तेवढंच. बाहेरून आलेलं मीठ असं सारखं पसरत नाही. हे काँक्रीट कालवतानाच आत गेलेलं. आयएस ४५६ ची मर्यादा सळईच्या काँक्रीटला घनमीटरमागे ०.६ किलो आहे, आणि पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात तो लिटरला साधारण १९ ग्रॅम असतो. एका घनमीटरला १८० लिटर पाणी धरलं तर निव्वळ समुद्राच्या पाण्याने ३.४ किलो होतील. आमचे दीड. म्हणजे पाणी निम्मं समुद्राचं असल्यासारखं, किंवा थोडं पाणी, थोडी न धुतलेली खाडीची रेती.

आता इथे बिल्डिंगमधला सगळ्यात जुना माणूस कामाला आला. सगळ्यात आधी फ्लॅट घेतलेले आजोबा रोज कामावर येऊन बसायचे. त्यांना आठवत होतं की पाया आणि खालचे कॉलम दिवाळीनंतर झाले, तिसरा मजला आणि जिना मे महिन्यात उरकला. पाणी मागच्या विहिरीचं. ती विहीर आजही आहे. पावसाळ्यानंतर पाणी गोडं, होळी झाली की मचूळ, मे महिन्यात तोंडात धरवत नाही. खालचे कॉलम हिवाळ्यातल्या पाण्याने झाले म्हणून आतून बरे, वरचा मजला उन्हाळ्याच्या पाण्याने झाला म्हणून आतूनच खारट. मॅडम म्हणाल्या, "काका, हे मी रिपोर्टात लिहू शकत नाही. पण तसंच दिसतंय."

आमच्या डेपोत बॅटरीत डिस्टिल वॉटरऐवजी विहिरीचं पाणी टाकलं तर मेमो मिळायचा. बिल्डिंगमध्ये टाकलं त्याला कंप्लीशन सर्टिफिकेट मिळालं.

मिठाने काय होतं ते आम्हा किनाऱ्यावरच्यांना नवीन नसायला हवं. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला. जेमतेम दीड दशकाचा पूल, आतल्या ताणलेल्या तारा गंजलेल्या. मी तेव्हा नवीन लागलो होतो. आमच्या गाड्या बेतीपर्यंत जायच्या आणि माणसं पुढे फेरीबोटीने. ड्रायव्हर परत येऊन सांगायचे की पूल असा मधूनच नाही. दहा वर्षांनी आम्ही सगळ्यांनी खाऱ्या विहिरीवर फ्लॅट घेतले आणि पेढे वाटले. पेढ्यांचं आमचं जरा जास्तच आहे.

आता काकूंच्या दाताचं. मिठाळलेल्या काँक्रीटमध्ये एका जागी सळई गंजत असते तेव्हा ती जागा अ‍ॅनोड होते आणि शेजारची सळई कॅथोड. गंजणारी स्वतः मरते आणि शेजारणीला वाचवते. आपण ती गंजकी जागा खणून स्वच्छ मसाला भरला, की ती गंजायची थांबते आणि उलट कॅथोड होते. मग शेजारी, जिथे मीठ तसंच आहे, तिथल्या सळईची पाळी येते. पहिल्या कंत्राटदाराने केलेलं काम वाईट होतं असं नाही. ते अर्धवट होतं आणि अर्धवट होतं म्हणून त्याने नुकसान केलं. मिठाच्या बिल्डिंगला नुसतं ठिगळ लावणं म्हणजे पैसे देऊन भेगेची जागा बदलणं.

नव्या कंत्राटदाराचं काम नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालं. निविदा चार आल्या होत्या. एकाने सांगितलं की वरून एक रसायन मारू, ते काँक्रीटमधून झिरपत जाऊन सळईला पकडेल, फोडायची गरजच नाही. एका खोक्याची किंमत ऐकून मी त्याला विचारलं, उणे ४८० वाल्या कॉलमवर हे मारून किती महिन्यांनी किती मिलिव्होल्ट होतील ते लिहून द्या. तो परत आला नाही. दुसरा म्हणाला नवीन सळया एपॉक्सीचा हिरवा लेप दिलेल्या वापरू. ते ऐकायला छान वाटतं, पण मॅडमनी अडवलं. अमेरिकेत फ्लोरिडा कीजमधल्या पुलांना अशाच लेपाच्या सळया घातल्या होत्या आणि काही वर्षांतच लेपाखालून गंज निघाला. वाकवताना, ओढताना लेपाला ओरखडा गेला की मीठ नेमकं तिथे शिरतं. आणि आमच्या साइटवर सळई कशी टाकतात ते मी बघितलं होतं. ट्रकवरून, पायाने ढकलून.

आम्ही घेतलेला माणूस तिसरा, सगळ्यात महाग नाही, स्वस्तही नाही. त्याला घेतलं कारण त्याच्या कोटेशनमध्ये "सळईच्या मागे २० मिमी मोकळं करणे" ही ओळ होती. बाकी कुणाच्याच नव्हती. ही ओळ म्हणजे अख्खं काम. सळई हाताच्या बोटांनी चहूबाजूंनी धरता आली पाहिजे, तरच तिची मागची बाजू साफ होते. कोटेशनमध्ये ही ओळ नसेल तर पुढचं वाचू नका.

आधी लोखंडी टेकू लावले, स्लॅबचं वजन घेतलं. मग ब्रेकर. याबद्दल काय लिहू. सहा आठवडे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा दात हलतील असा आवाज आणि डाळीच्या वरणात सिमेंटची धूळ. बारावीची दोन पोरं होती, त्यांची सोय देवळाच्या हॉलमध्ये केली. मग ग्राइंडरवर तारेचा कप लावून सळया घासल्या आणि दाबाच्या पाण्याने धुतल्या. हे धुणं महत्त्वाचं, कारण खड्ड्यांच्या तळाशी मीठ राहिलं तर नवीन काँक्रीटच्या आत तोच खेळ परत.

आणि इथेच एक भानगड झाली. धुवायला आणि मसाल्याला पाणी टँकरचं. मॅडमनी जाताना मला एक तपकिरी बाटली दिली होती, पाण्यातलं मीठ ओळखायच्या सिल्व्हर नायट्रेटची. "काका, पाण्यात दोन थेंब टाका. थोडं धुकट झालं तर चालेल, ताकासारखं पांढरं झालं तर परत पाठवा." पहिले तीन टँकर ठीक. चौथा ताक. मी मुकादमाला दाखवलं. तो म्हणाला, "दादा, पाणी दिसायला तर स्वच्छ आहे." मी म्हटलं समुद्रही स्वच्छच दिसतो. अर्धा तास तणातणी झाली, टँकरवाल्याने माझ्या बाटलीवर अविश्वास दाखवला, शेवटी मुकादमाने स्वतः चूळ भरून बघितली आणि थुंकला. टँकर परत गेला. त्याबद्दल कंत्राटदाराला फोन केला तर त्याने वाद घातला नाही, टँकर बदलला आणि त्या दिवशी त्या पाण्याने धुतलेला एक कॉलम पुन्हा धुवून घेतला. हा अर्धा तारा त्याने तिथे कमावला. माझी बोटं मात्र आठ दिवस काळी. ते औषध हातमोजे घालून वापरायचं असतं, ही सूचना मी नंतर वाचली.

जिथे सळई बारीक झाली होती तिथे शेजारी नवीन सळई, दोन्हीकडे सळईच्या जाडीच्या पन्नासपट लांब घेऊन. म्हणजे बाराच्या सळईला दोन्ही टोकांना साठ-साठ सेंटिमीटर. वेल्डिंग केलं नाही. पिळाच्या जुन्या सळईला उष्णता दिली की तिचा जोर जातो. ते मुकादमाला आधीच माहीत होतं, सांगावं लागलं नाही.

मग जस्ताचे गोळे. हे या सगळ्यातलं माझं लाडकं. मिरकरवाड्यात कुणालाही विचारा, ट्रॉलरच्या पंख्याजवळ, सुकाणूला जस्ताची पट्टी लावतात. जस्त स्वतः झिजतं आणि पंखा राहतो. पट्टी संपली की नवीन. काँक्रीटमध्येही तेच. मेदूवड्याएवढा मसाल्याचा गोळा, आत जस्त, बाहेर दोन तारा. तो ठिगळाच्या कडेने, जुन्या काँक्रीटच्या अगदी लगत, सळईला घट्ट बांधायचा. म्हणजे ठिगळाशेजारची जी सळई बळी जाणार होती तिच्याऐवजी जस्त जातं. भोवतीचा मसाला खास असतो, जस्तावर थर साचून ते झोपू नये म्हणून. आमच्याकडे साधारण साठ सेंटिमीटरला एक या हिशेबाने बसवले. एका गोळ्याची किंमत एका मजुराच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त, त्यामुळे सभेत परत आरडाओरड. पण काकूंनी दाताचा दाखला दिला आणि ठराव पास.

प्रत्येक गोळा बांधल्यावर मल्टिमीटरने बघायचं, तार आणि सळईमधला रोध एक ओहमच्या आत हवा. पोरं घाईत असायची. मी प्रत्येकाचं माप स्वतः घेतलं आणि अकरा गोळे परत बांधायला लावले. गंजाच्या पापुद्र्यावर तार गुंडाळली तर जोड लागत नाही, हे बॅटरीच्या टर्मिनलचं पहिल्या आठवड्यातलं शिक्षण आहे. हा एक तारा कापलाय त्यातला मोठा भाग याच अकरा गोळ्यांचा. मी नसतो तर ते मसाल्याखाली तसेच गेले असते, बिल लागलं असतं आणि झिजले मात्र नसते.

कॉलमना फळ्या बांधून मायक्रोकाँक्रीट ओतलं, कव्हर वाढवलं, किंतान गुंडाळून दहा दिवस ओलं ठेवलं. पाणी मारायचं काम रविवारी कुणी करत नसे, ते आम्ही मजल्यांत वाटून घेतलं. शेवटी समुद्राकडच्या बाजूला मिठाच्या पाण्याला अडवणारा रंग.

तक्रारी उरल्या त्या सांगतो. फेब्रुवारीअखेर संपणारं काम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपलं. शिमग्याला माणसं गावी गेली ती अठरा दिवस. आमच्या पालखीला परांचीखालून वाकून जावं लागलं, ते लोक अजून ऐकवतात. अंदाज १० लाख ८० हजारांचा होता, बिल १३ लाख २० हजार झालं. फोडल्यावर आत जास्त निघतं हे मान्य, पण वाढीव मोजमाप आम्हाला काम झाकल्यावर दाखवलं. उघडं असतानाचे फोटो मागितले तर निम्म्या जागांचे निघाले. शेवटी मी माझ्या वहीतली मापं काढली आणि साठ हजारांवर तडजोड झाली, ते १३.२० मधून आधीच वजा आहेत. हमीपत्र पाच वर्षांचं, पण त्यात बारीक अक्षरात "खाऱ्या हवेमुळे होणारे नुकसान वगळून" असं होतं. रत्नागिरीत! ते वाक्य खोडून घेतलं. तुमच्याही हमीपत्रात असेल, बघा.

आता दोन पावसाळ्यांनंतरची स्थिती. ठिगळांच्या कडेने भेग नाही. हातोडी घेऊन मी दर दोन महिन्यांनी फेरी मारतो, "ढब" फक्त एका ठिकाणी आलं, तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमच्या स्लॅबखाली, आणि ती जागा आम्ही पैसे वाचवायला यादीतून काढली होती. कंत्राटदाराचा दोष नाही. त्याला फोन केला तर नवव्या दिवशी माणूस आला, मोजून गेला.

मॅडमनी एक युक्ती केली होती. दोन गोळ्यांच्या तारा आत न बांधता बाहेर एका छोट्या डबीत आणल्या, मध्ये स्विच. स्विच उघडून मीटर लावला की जस्तातून सळईकडे किती प्रवाह जातोय ते दिसतं. माझ्या वहीत नोंदी आहेत. जुलै २०२४ ला ४२० मायक्रोअँपिअर, एप्रिल २०२५ ला १६०, जुलै २०२५ ला परत ३९०. काँक्रीट ओलं असतं तेव्हा गंजायची घाईही जास्त आणि जस्ताचं कामही जास्त. पहिल्या वेळी आकडा दिसला तेव्हा मी काकूंना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे बिल्डिंगला सलाइन लावलंय का?"

त्या जिन्याच्या बीमबद्दल मला अजून खात्री नाही. बाहेरून आलेलं मीठ फोडून काढता येतं. कालवणातच असलेलं कसं काढणार? तिथे गोळे जास्त दाट लावलेत आणि ओल येऊ नये म्हणून वरची गच्ची नव्याने वॉटरप्रूफ केली आहे. मॅडमनी स्पष्ट सांगितलंय की हे वेळ विकत घेणं आहे, तीन वर्षांनी पावडर परत काढायची. त्यासाठी दर फ्लॅटमागे महिन्याला दोनशे रुपये बाजूला काढतोय. दोन बिऱ्हाडं अजून देत नाहीत, त्यांची नावं नोटीस बोर्डावर आहेत.

पुढचं काम गच्चीवरच्या टाकीचं. कोटेशन मागवलंय, याच माणसाकडून आणि आणखी एकाकडून. त्या दुसऱ्याच्या कागदात "सळईच्या मागे" हे शब्द नाहीत, म्हणून तो परत पाठवला. तपकिरी बाटली अर्धी शिल्लक आहे आणि या वेळी हातमोजेही आणून ठेवलेत.